झोपेचा आजार आणि माझा राग

डॉक्टर म्हणाल्या, लिहा. आमच्यासारख्या पेशंटचा एक छोटा गट ठाण्यात महिन्यातून एकदा भेटतो. नवीन येणारे घाबरलेले असतात आणि त्यांना मराठीत वाचायला काही मिळत नाही. "तुमचा अनुभव वाचून त्यांना धीर येईल," असं डॉक्टरांचं म्हणणं. येईलही. पण मी लिहायला बसले की मला आधी राग येतो, आणि तो बाजूला ठेवून लिहिलं तर ते खोटं होईल. तेव्हा जसं सुचेल तसं सांगते.

माझं नाव स्मिता. वय एकेचाळीस. माहेर डोंबिवलीचं. आता कोपरीला राहते, नवरा नितीन, मुलगी ईशा आणि सासूबाई यांच्यासोबत. नोकरी कल्याणला, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. रक्त घेणं हे माझं काम. सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली माणसं समोर बसतात. मी दंडाला पट्टा बांधते, शीर शोधते, सुई घालते. माझा हात हलका आहे. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आया "त्या ताईंकडेच द्या" म्हणतात.

आणि मला नार्कोलेप्सी आहे. माणसाला जागं ठेवणारी मेंदूतली जी यंत्रणा असते, ती माझ्यात बिघडलेली आहे. रात्री आठ तास झोपले तरी दिवसा झोप कुठेही गाठते. बोलता बोलता, लिहिता लिहिता, पोळी लाटता लाटता. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. खूप हसले किंवा खूप चिडले की अंगातली ताकद जाते. गुडघे लुळे पडतात, मान खाली येते, जीभ जड होते. एखाद-दोन मिनिटं. शुद्ध पूर्ण असते. सगळं ऐकू येतं, फक्त उत्तर देता येत नाही.

म्हणजे पाहा, मला राग आला की मी पडते. आणि राग येण्यासारखं या आजारात काही कमी नाही.

आळशी

एकोणिसाव्या वर्षी सुरू झालं. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या टेबलावर डोकं टेकून झोपायचे. आई पाहुण्यांसमोर म्हणायची, "आमच्याकडे कुंभकर्णाची बहीण आहे." सगळे हसायचे, मीपण हसायचे, आणि हसताना हातातला कप निसटायचा. मग आई म्हणायची, "बघा, हात पण झोपाळू."

लग्नानंतर तेच, फक्त हसणं कमी झालं. दूध गॅसवर ठेवून मी ओट्याला टेकून झोपलेली सासूबाईंना सापडले. एकदा नाही, कितीतरी वेळा. त्या मला काही बोलायच्या नाहीत. फोनवर गावाकडे, राजापूरला, बोलायच्या. "सून कमावती आहे हो, पण घरात आली की आडवी." मी आतल्या खोलीत असायचे. भिंत काय जाडीची असते आपल्याकडे.

डॉक्टर केले. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, शुगर. सगळ्यांचं रक्त मी काढते, माझं माझ्या मैत्रिणी काढायच्या. रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला, सकाळी लवकर उठून फिरायला जा." मी पावणेपाचला उठत होते. दुसऱ्यांनी सासूबाईंच्या देखत विचारलं, "घरी काही टेन्शन?" तिसऱ्यांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. चौथे म्हणाले, जेवण कमी करा. कुणीही दोन मिनिटं पेन खाली ठेवून ऐकलं नाही. अशी एकोणीस वर्षं गेली.

तीन ट्यूब

एका सोमवारी लॅबमध्ये गर्दी होती. मी एकामागोमाग तिघांचं रक्त घेतलं आणि ट्यूबवर नावं लिहायला बसले. डोळे उघडले तेव्हा पेन हातातच होतं. तिन्ही ट्यूबवर एकच नाव. पहिलं व्यवस्थित, दुसरं वाकडं, तिसऱ्याची तर मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी रेघ. मी झोपेत लिहीत होते. तिघं निघून गेले होते.

कुणाचं रक्त कुठलं ते सांगता येईना. तिघांनाही फोन करून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशीपोटी बोलवावं लागलं. त्यातली एक सातव्या महिन्याची गरोदर. ती टिटवाळ्याहून परत आली आणि तिने हात पुढे केला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

लॅबचे मालक, आमचे सर, सगळ्यांसमोर म्हणाले, "स्मिता, रात्री करता काय तुम्ही?"

दोघं-तिघं हसले. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणायला गेले, "सर, नीट बोला," आणि 'सर'च्या पुढे जीभ हलेना. गुडघे गेले. टेबलाला धरत मी फरशीवर घसरले. डोळे मिटले होते, पण कळत होतं की कुणीतरी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतंय. रिसेप्शनवरची मुलगी होती. "नाही सर, प्यायलेल्या नाहीत," ती म्हणाली. तिने ते माझ्या बाजूनेच सांगितलं, हे मला कळतं. तो श्वास गालावर लागलेला मात्र मी विसरलेली नाही.

निदानाचा दिवस

त्या आठवड्यात नितीनने रजा टाकली. तो तसा कमी बोलतो, भांडणात तर बाल्कनीत जाऊन उभा राहतो. या वेळी त्याने स्वतःच शोधून ठाण्यातल्या एका झोपेच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यांनी पाच मिनिटांत विचारलं, "हसताना किंवा चिडल्यावर अंगातली ताकद जाते का?"

मी नितीनकडे बघितलं. तो म्हणाला, "जाते. आमच्या लग्नापासून जाते. आम्हाला वाटायचं बीपी."

तपासणीसाठी हॉस्पिटलात एक रात्र आणि एक दिवस राहावं लागलं. डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या. रात्री नुसतं झोपायचं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी नर्स यायची, पडदा ओढायची आणि म्हणायची, "मॅडम, झोपा आता." वीस मिनिटांनी, "मॅडम, उठा आता." असं पाच वेळा. मधल्या वेळात ती मला जागं ठेवायला स्वतःच्या बदलापूरच्या घरातल्या गोष्टी सांगत बसायची. भरदिवसा मला कुणी झोपायला सांगतंय, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. मी उशीत तोंड खुपसून रडले. तिने रिपोर्ट बिघडेल म्हणून दटावलं, आणि मग टिश्यू दिला.

रिपोर्ट आला. पाचही वेळा मी दोन-तीन मिनिटांत झोपले होते. डॉक्टर म्हणाल्या, "हा आजार आहे. तुमचा स्वभाव नाही."

आमच्या गटातले बाकीचे सांगतात, निदान झालं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. मला प्रत्येक तोंड आठवलं. लवकर उठा म्हणणारं, टेन्शन विचारणारं, फोनवर राजापूरला बोलणारं. एका प्रश्नाचं काम होतं, आणि तो विचारायला एकोणीस वर्षं लागली. मी खुर्चीतून उठले, दाराकडे वळले आणि त्यांच्या केबिनमध्येच कोसळले.

नितीन धावला. डॉक्टर म्हणाल्या, "काही करू नका. फक्त डोकं सांभाळा. त्यांना ऐकू येतंय." आणि त्या माझ्या शेजारी फरशीवर बसून राहिल्या, मी बोलू शकेपर्यंत. बाहेर पेशंट थांबलेले होते, तरी. त्यांच्यावर मी कधीही चिडलेले नाही, याचं कारण ते एक मिनिट आहे.

भात

औषधं सुरू झाली, सकाळची आणि रात्रीची. सोबत सवयी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा आजार खाण्यापिण्याने बरा होत नाही, पण खाण्यापिण्याने बिघडतो नक्की. गोळ्यांच्या जोडीला दिवस बांधून घ्यावा लागेल.

त्यांनी मला महिनाभर वही ठेवायला लावली. काय खाल्लं, कधी खाल्लं, कधी डोळा लागला. दोन आठवड्यांतच दिसलं. दुपारी भात खाल्ला की अर्ध्या तासात मी गेलेच. पोह्यांनी तेच. शिरा, पुरणपोळी म्हणजे तर आमंत्रणच. अर्धी भाकरी, उसळ, दही, काकडी असं खाल्लं तर दुपार बऱ्यापैकी पार पडते. एकदम पोटभर जेवण्यापेक्षा थोडं थोडं चार वेळा खाल्लेलं बरं. कॉफी सकाळी, दुपारनंतर नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा झोपायची आणि उठायची वेळ तीच. संध्याकाळी अर्धा तास चालणं. हे माझं गणित, तुमचं वेगळं असेल. वही ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आता हे करायला सोपं वाटतं ना? कोकणातून आलेल्या घरात दुपारचा भात सोडून दाखवा. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ताटात वाढलाच. मी बाजूला केला. "एक मूद खाल्लीस तर काय होतंय?" मी म्हटलं, "आई, झोप येते." त्या म्हणाल्या, "ती तशीही येतेच." लग्नकार्यात तर प्रत्येक पंगतीत कुणीतरी आग्रहाला उभं. डायबिटीस आहे म्हटलं की लोक लगेच हात आखडता घेतात. झोपेचा आजार म्हटलं की हसतात आणि जिलबी वाढतात.

ताई

माझी मोठी नणंद, मीनाताई, ठाण्यातच राहते. ती वाईट बाई असती तर हे लिहायला सोपं गेलं असतं. ईशा झाली तेव्हा पंधरा दिवस ती माझ्या उशाशी होती. रात्री बाळाला पाजताना मी झोपेन म्हणून ती जागी राहायची, का ते न विचारता.

ती एका आहारवाल्या गुरुजींच्या नादी लागली होती. त्यांचं शिबिर, त्यांचा ग्रुप, त्यांचे रस. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "चाळीस दिवस फक्त फळं आणि रस. शरीर शुद्ध झालं की झोप आपोआप शुद्ध होते. पण त्या गोळ्या आधी बंद करायच्या. विष आहे ते."

नितीन म्हणाला, "डॉक्टरांना विचारू."

"डॉक्टर कशाला हो म्हणतील?" ताई म्हणाली. "त्यांचा पेशंट जाईल ना."

मी हो म्हटलं. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करणारी बाई मी, आणि मी हो म्हटलं. का ते खरं सांगते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, डोकं दुखायचं. आणि माझ्या मनात कुठेतरी अजून होतं की हा माझाच आळस आहे. फळं खाऊन, निग्रह करून मी बरी झाले असते, तर सगळ्यांना दाखवता आलं असतं. इतकी वर्षं ऐकलेलं माणूस शेवटी स्वतःबद्दल खरं मानतं. डॉक्टरांना मी फोन केला नाही. हा राग दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

नवव्या दिवशी लॅबने मला शहाडला एका घरी रक्त घ्यायला पाठवलं. नव्या बिल्डिंगांच्या मध्ये राहिलेलं जुनं बैठं घर. एक आजी, शुगरच्या पेशंट, पडवीत एकट्याच बसल्या होत्या. बाकीचे कामावर. मी पट्टा बांधला, सुई घातली, ट्यूब भरायला लागली.

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा माझं डोकं आजींच्या मांडीवर होतं. पट्टा सुटलेला होता. सुई त्यांनी दुसऱ्या हाताने स्वतः उपसून ट्रेमध्ये ठेवली होती, आणि कोपरात कापूस दाबून हात घडी करून बसल्या होत्या. लुगड्यावर रक्ताचा डाग, वाटीएवढा. पट्टा किती वेळ आवळलेला राहिला असेल, सुई हलली असती तर काय झालं असतं, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. मी उठायला लागले तर त्या म्हणाल्या, "नीज गो बाय जरा. कोन नाय बघत."

मी त्यांचा हात तपासला, पट्टी केली. मान वर करून बघायची लाज वाटत होती. "आजी, उद्या दुसऱ्या ताई येतील. तुम्ही आता खाऊन घ्या," म्हटलं. त्यांनी आत जाऊन भाकरी आणली आणि आधी माझ्यापुढे ठेवली.

परतताना रिक्षा स्टँडपर्यंत जाताना मी दोनदा पडले. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. गोळ्या अशा एकदम थांबवल्या की ताकद जाण्याचे झटके उलट जास्त येतात. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

वीस मिनिटं

लॅबमध्ये जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंची तक्रार नाही ना? मग सोडा."

"नाही सर. मला बाहेर पाठवू नका. इथे मी सात ते दहा रक्त घेईन, तेव्हा मी पूर्ण जागी असते. त्यानंतर रिपोर्टचं काम द्या. आणि साडेअकराला मला वीस मिनिटं झोपायला लागतील."

"ऑफिसात झोपायचं? उद्या सगळेच मागतील."

"मागू देत. डॉक्टरांची चिठ्ठी आणली तर द्या."

हे मी खुर्चीत बसून बोलले. तेवढं शिकले होते. चिडायचं असेल तर आधी बसायचं, शक्यतो जमिनीवर, पाठ भिंतीला. सर आठवडाभर टोलवाटोलवी करत राहिले. मी रोज चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवत राहिले. शेवटी स्टोअररूममधलं एक बाक मिळालं. साडेअकराला मोबाईलचा गजर लावते आणि झोपते. उठले की दुपारी तीनपर्यंत माझं काम कुणाहूनही चोख असतं. पहिले काही दिवस दाराबाहेर खुसखुस ऐकू यायची. आता येत नाही, किंवा मी ऐकत नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, डोस बदलून. साडेअकराची आणि घरी आल्यावरची अशा दोन ठरलेल्या झोपा, दुपारी भात नाही, संध्याकाळी चालणं. सहा महिन्यांत मी कामावर एकदाही पडले नाही. बरी झाले नाही. सावरले.

हळदीकुंकू

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. दुपारची वेळ, बिल्डिंगमधल्या पंधरा-वीस बायका. ताईही आली होती. मी तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होते. चौथ्या मजल्यावरची रेवती ताईच्या शेजारी बसली होती. तिच्या बारा वर्षांच्या मुलीला फिट्स येतात, औषध चालू आहे.

ताई तिला सांगत होती, "आमच्या स्मिताकडेच बघ ना. कशी होती आणि कशी झाली. चाळीस दिवसांचा आहार केला तिने. गोळ्या बंद केल्या आधी. तू पण तुझ्या मुलीला..."

रेवती माझ्याकडे आशेने बघायला लागली. तसं बघणं मी ओळखते. मी स्वतः तसंच बघितलं होतं.

मी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर बसले. भिंत लांब होती. तेवढा वेळ नव्हता.

"रेवती," मी म्हटलं, "मी नऊ दिवसांत तो आहार सोडला. गोळ्या बंद केल्यामुळे एका म्हाताऱ्या बाईच्या हातात सुई असताना मी झोपले. ताईला हे मी तेव्हाच सांगितलंय. तू तिच्या..."

आणि जबडा सुटला. मान छातीवर आली, मग मी कुशीवर कलंडले. ओळखीचंच सगळं. बायकांची धावपळ, पाणी आणा, कांदा हुंगवा, पंखा वाढवा. ताईचा आवाज रडवेला झाला होता. "मी भल्यासाठीच सांगितलं होतं ना. ही अशी माणसांत नाटकं कशाला..."

"मीना, गप्प बस." हा आवाज सासूबाईंचा होता. "नाटक नाही ते. तिला ऐकू येतंय सगळं. कुणी हात लावू नका, थांबा जरा."

सगळ्या थांबल्या. माझ्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं. सासूबाई एवढं कधी शिकल्या, कुणाकडून, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. इतकी वर्षं उशीर झाल्याबद्दल मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

मिनिटभराने जीभ हलायला लागली. मी बसले. रेवती समोरच होती.

"तू तिच्या गोळ्या बंद करू नकोस," मी म्हटलं. "आहार बदलायचा तर बदल, पण तिच्या डॉक्टरांना विचारून. गोळी एकही सोडायची नाही."

रेवतीने होकारार्थी मान हलवली. ताईने पर्स उचलली, वाण तिथेच ठेवलं आणि निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. नितीन मधूनमधून म्हणतो, तू एक फोन कर. मी त्याला सांगितलंय, करेन. सध्या माझ्या जेवणाची वेळ ठरलेली आहे, झोपेची वेळ ठरलेली आहे. माफ करायची अजून ठरलेली नाही.